आडोल्फ फॉन बायर

वाढदिवशी हाती पैसे आले की मुले खाऊ अगर खेळणी घेतात. बर्लिन शहरातील एका मुलाने मात्र आपल्या तेराव्या वाढदिवशी दोन थेलर मोजून निळीचा खडा विकत घेतला. हाच मुलगा पुढे रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर या नावाने जगास ठाऊक झाला.

त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८३५ रोजी झाला. वडील सैन्यातील अधिकारी असून भूमापनात निष्णात होते. बुन्सेन व केकुले या गुरूंपाशी विद्या संपादन करून बायर १८७५ साली म्युनिक येथे प्राध्यापक झाले. निळीचा ध्यास सुटला नव्हता. १८८० साली त्यांनी ती प्रयोगशाळेत तयार केली. १८९७ साली अन्य रीतीने बनविलेली स्वस्त जर्मन नीळ बाजारात आली, आणि आपल्याकडील निळीचा व्यापार बुडू लागला. मळेवाल्यांनी आपली तूट चंपारण्यातील गरीब रयतेवर लादली. विद्येचे फळ सर्वांसच गोड लागते असे नाही.

कार्बनाच्या दोन बंधांमधील कोन सुमारे १०९ अंशांचा असतो. तीन कार्बनांचे कडे केल्यास तो ६० अंशांवर व चारांचे केल्यास ९० अंशांवर येतो. वाकविलेली बांबूची कामटी जशी सुटू पाहते, तद्वत् ही लहान कडी ताणामुळे सहज उघडतात. पाचांच्या कड्यात कोन १०८ अंशांचा, म्हणून ते टिकाऊ. हा सिद्धांत बायर यांनी १८८५ साली मांडला.

परंतु सर्व कडी सपाट असतात, हा त्यांचा समज चुकीचा होता. सहांचे कडे दुमडून ताणमुक्त होते, हे साक्से यांनी १८९० साली दाखविले. तथापि लहान कड्यांविषयीचे त्यांचे म्हणणे खरे ठरले. पेनिसिलिनाच्या अंगी असेच चार अणूंचे ताणलेले कडे असते. ते जंतूंच्या भिंती बांधणाऱ्या द्रव्याशी जखडले जाताना उघडते व जंतूंचा नाश होतो. हे औषध १९५५ पासून पुण्याजवळ पिंपरी येथे तयार होऊ लागले.

१९०५ साली बायर यांस नोबेल पारितोषिक मिळाले. २० ऑगस्ट १९१७ रोजी ते निवर्तले. त्याच वर्षी महात्मा गांधी चंपारण्यातील रयतेच्या साहाय्यास गेले होते.

विद्यार्थी मित्रहो, प्रयोगवहीत चूक निघाली म्हणून पान फाडून टाकू नका. थोरांच्याही हातून चूक होते. ती दुरुस्त करीतच पुढच्यांनी सत्याची वाट चालावयाची असते. आणि आपल्या विद्येने कोणाच्या घरी दिवा लागतो व कोणाच्या घरचा विझतो, याचाही विचार मनी असू द्या.