डिझेल इंजिनाच्या जनकाला रेडिएटर नकोच होता!

मे महिन्यात भंडाऱ्याहून तुमसरला जाताना डिझेल कारचा टेंपरेचर काटा चढला की रेडिएटर आठवतो. पण रुडॉल्फ डिझेल यांना इंजिन पाण्याने थंड करणंच मान्य नव्हतं. जन्म १८५८, पॅरिस. शिक्षण म्युनिकला. नोकरी प्राध्यापक लिंडे यांच्या बर्फयंत्रांच्या धंद्यात (म्हणजे थंडावा विकण्याचीच!). उष्णता बाहेर टाकली की इंधन वाया गेलं, असं त्यांचं गणित. म्हणून १८९३ चं पहिलं इंजिन पाण्याच्या जॅकेटशिवाय बनलं. पहिल्या चाचणीत ते स्वतःच्या बळावर चाललंच नाही. पुढच्या बांधणीत सिलिंडरभोवती पाणी आलं. १८९७ मध्ये इंधनातली सुमारे २६ टक्के ऊर्जा कामी लागली. आज तेच पाणी, कूलंट मिसळून, पंप रेडिएटरपर्यंत फिरवतो. १९१३ मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून डिझेल रात्री बेपत्ता झाले.