नेस्टोरियस

येशू ख्रिस्ताच्या ठायी देवत्व आणि मनुष्यत्व यांचा संयोग कसा झाला, हा पाचव्या शतकातील ख्रिस्ती धर्मचिंतनाचा कळीचा प्रश्न होता. नेस्टोरियसचे चरित्र या वादाशी निगडित आहे. अँटिओकजवळच्या मठातील हा संन्यासी प्रभावी वक्ता म्हणून ख्यातनाम होता. ४२८ मध्ये सम्राट दुसरा थिओडोसियस याने त्याला कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य बिशप नेमले. पदावर येताच त्याने पाखंडी पंथांविरुद्ध कठोर मोहीम आरंभली. लवकरच तोच आरोप त्याच्यावर आला.

मरियेसाठी रूढ असलेली ‘देवमाता’ ही उपाधी त्याला सदोष वाटे. जन्म व मृत्यू मनुष्यत्वाला असतात, अनादी देवत्वाला नसतात, असे मानून त्याने ‘ख्रिस्तमाता’ हा शब्द सुचविला. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याच्या मते यामुळे एकाच ख्रिस्ताचे दोन भाग पडत होते. ४३१ मध्ये इफिससच्या धर्मपरिषदेत अँटिओकचे बिशप पोहोचण्यापूर्वीच सिरिलने कामकाज सुरू केले आणि नेस्टोरियस पदच्युत झाला. पुढे त्याचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला. ४५० च्या सुमारास तो इजिप्तमध्ये हद्दपारीत मरण पावला.

४५१ च्या कॅल्सेडन परिषदेने ‘एक व्यक्ती, दोन स्वभाव’ हे सूत्र स्वीकारले. नेस्टोरियसचा निषेध मात्र कायम राहिला. त्याने हद्दपारीत लिहिलेल्या आत्मसमर्थनाचे सिरियाक भाषांतर १९१० मध्ये छापले गेले. त्यात ख्रिस्ताच्या एकत्वाचा आग्रह आढळल्याने अनेक अभ्यासकांनी त्याच्यावरील आरोपाचा फेरविचार केला. पराभूत पक्षाची बाजू केवळ विरोधकांच्या लेखनावरून ठरवू नये, हे या चरित्रावरून ध्यानी येते.