न्यायमूर्ती रानडे : न्यायासनावरील तीस वर्षे

महादेव गोविंद रानडे हे समाजसुधारक, अर्थशास्त्रज्ञ व इतिहासकार म्हणून आपणा सर्वांस परिचित आहेत. परंतु त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे न्यायदानात गेली, आणि त्यांतील बहुतेक उच्च न्यायालयात नव्हे, तर खालच्या कोर्टांत. सरकारी चाकरीत आमचे केस पांढरे झाले असल्याने त्यांच्या चरित्राचा हाच भाग आम्हांस विशेष जवळचा वाटतो.

निफाड येथे १८ जानेवारी १८४२ रोजी जन्मलेले व कोल्हापुरात वाढलेले रानडे मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक होत. १८७१ साली ते पुण्यास सबजज्ज झाले. दिवसा न्यायासन आणि सायंकाळी सार्वजनिक सभेचे काम, असा त्यांचा क्रम असे. हा लोकसंग्रह सरकारला रुचला नाही. १८७८ मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले व पुण्यातील सरकारी वाडे जळाले, तेव्हा त्यांस धुळ्यास धाडण्यात आले. तेथे त्यांच्या टपालावर नजर असे. बंडवाल्यांच्या नावाने आलेली पत्रे ते सरळ अधिकाऱ्यांच्या हवाली करीत. त्यांनी तक्रार केली नाही, तसेच आपली मतेही बदलली नाहीत. बदलीचा हुकूम हाती पडलेला प्रत्येक नोकरदार जाणतो, की या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे किती कठीण असते!

त्यांच्या न्यायदानाचा खरा कस लागला तो शेतकऱ्यांच्या कर्जांच्या दाव्यांत. १८७५ साली सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. केवळ कर्जरोख्यावर विसंबून न राहता मूळ देणे किती व व्याज किती याचा शोध घेण्याचा आणि हप्ते बांधून देण्याचा अधिकार कोर्टास मिळाला. विशेष न्यायाधीश या नात्याने रानडे पुणे, सातारा, नगर व सोलापूर या जिल्ह्यांतून फिरले व तेथील कोर्टांचे काम त्यांनी तपासले. ग्रामीण दारिद्र्याविषयीचे त्यांचे विचार या फिरतीने अधिक पक्के केले.

१८९३ साली न्यायमूर्ती तेलंगांच्या निधनानंतर ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता असूनही १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहास मान देऊन त्यांनी अल्पवयीन रमाबाईंशी विवाह केला, याचा दोष त्यांना लागला व तो खोटा नव्हे. मात्र त्याच रमाबाईंना त्यांनी शिकविले, आणि पुढे रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभे केले. १६ जानेवारी १९०१ रोजी रानड्यांनी देह ठेवला.

सरकारी कामानिमित्त कलकत्त्यास राहावे लागले, तेव्हा रानड्यांनी तेथील नाव्ह्याच्या साहाय्याने बंगाली शिकून घेतले. जयनगरात मराठी जपणाऱ्या आणि कन्नड आपलीशी करू पाहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षी त्यांच्या चरित्रातील एवढी एक गोष्ट जरी उचलली, तरी पुष्कळ झाले.