विश्लेषण : असुर, मायावी रूपे आणि त्यांचा मुलूख... दादासाहेब फाळके यांनी हे पडद्यावर कसे आणले?

विरारच्या चंदनसारमध्ये मोबाइलवर गेम खेळणाऱ्या मुलासमोर राक्षस क्षणात हरिण झाला, तर त्याला फारसे नवल वाटत नाही. गेम तयार करणाऱ्याला मात्र दोन कोडी सोडवावी लागतात. रूप पालटणारा शत्रू खरा कसा वाटावा? आणि तो राहतो ती जागा कशी असावी? आपल्याकडे हीच कोडी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी धुंडिराज गोविंद फाळके यांच्यापुढे होती. हाताशी संगणक नव्हता, होता तो हाताने फिरवायचा कॅमेरा.

चित्रकार, छायाचित्रकार की जादूगार?

तिन्ही. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळके यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छपाईचा धंदा केला. मध्येच ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोगही केले. आडनावाची अक्षरे उलटी लावली की हे नाव तयार होते! ही हौस वाया गेली नाही. प्रेक्षकाची नजर नेमकी कुठे गुंतवायची, हे जादूगाराला कळावेच लागते.

ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून ते या धंद्याकडे वळले. चित्रपटांच्या अभ्यासापायी काही काळ त्यांची दृष्टीही गेली होती. विमा पॉलिसी गहाण पडली, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. १९१२ मध्ये लंडनहून ते कॅमेरा घेऊन परतले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

रूपांतर कसे दाखवले जाई?

कॅमेरा जागचा हलवायचा नाही. एक नट उभा करायचा, चित्रण थांबवायचे, त्याच्या जागी दुसरा आणायचा आणि पुन्हा सुरू करायचे. किंवा एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करायचे, म्हणजे एक आकृती दुसरीत विरघळते. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिए या जादूगाराने अशा क्लृप्त्या आधीच रुळवल्या होत्या. फाळके यांनी त्या आपल्या पुराणांना लावल्या.

त्यांचा दुसरा चित्रपट ‘मोहिनी भस्मासुर’. त्यात कमलाबाई कामत मोहिनी झाल्या, तर त्यांच्या आई दुर्गाबाई पार्वती. इथे मौज अशी की रूप बदलतो तो देव, असुर नव्हे. असुराची ताकद एकच : ज्याच्या डोक्यावर हात ठेवील तो भस्म. ती ताकद त्याच्यावरच उलटवणे हा सारा डाव. शत्रूला एकच शक्ती आणि तिच्यातच त्याचा घात, ही रचना आजच्या गेमलाही तितकीच लागू पडते.

शत्रूचा मुलूख का महत्त्वाचा?

लंका आधी भक्कम वाटली, तरच ती जळताना प्रेक्षक खुर्चीत पुढे सरकणार. ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये समुद्रावरून हनुमानाचे उड्डाण होते, अशोकवन होते, शेवटी आगही होती. अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता, दोन्ही भूमिका केल्या. हेही रूपांतरच, फक्त कॅमेऱ्याच्या क्लृप्तीविना.

‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये नागाचे राज्य पाण्याखाली. वर गोकुळाचा उजेड, खाली कालियाचा डोह. कृष्णाला परक्या मुलखात शिरावे लागते, म्हणून झुंजीला धार येते. कृष्ण झाली होती फाळके यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या सुरुवातीलाच तिच्या चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव दाखवले आहेत. म्हणजे जादूगाराने टोपी आधीच रिकामी करून दाखवली!

मग काय उरले?

बोलपट आले आणि फाळके मागे पडले. ‘सेतुबंधन’ मूक म्हणून तयार झाला, त्याला नंतर आवाज जोडावा लागला. कोल्हापुरात केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. त्यांचे बहुतेक चित्रपट नष्ट झाले आहेत. ‘लंकादहन’चे काही तुकडेच शिल्लक आहेत. ‘कालिया मर्दन’ मात्र बराचसा टिकला. त्यातला डोह, नाग आणि त्याच्याशी झुंजणारी मंदाकिनी आजही पाहता येते.