लोकशिक्षक फॅरडे

मायकेल फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरी झाला. लिहिणे, वाचणे व जुजबी हिशेब एवढेच शालेय शिक्षण त्यांच्या वाट्यास आले. पुढे ते एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करू लागले. बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचता वाचता त्यांना विज्ञानाची गोडी लागली.

१८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेतील सर हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडे यांनी व्याख्यानांची सचित्र टिपणे काढली, ती स्वतः बांधली आणि डेव्ही यांच्याकडे पाठविली. पुढच्याच वर्षी डेव्ही यांचे साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली. १८३१ मध्ये त्याच संस्थेत त्यांनी चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करून दाखविली.

व्याख्यानांनी उघडलेले ज्ञानाचे हे दार फॅरडे यांनी इतरांसाठीही खुले ठेवले. संस्थेत नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्याने होत. १८२७ पासून १८६० पर्यंत फॅरडे यांनी अशा १९ व्याख्यानमाला गुंफल्या. चांगले बोलता यावे म्हणून त्यांनी वक्तृत्वाचे धडे घेतले होते. पण त्यांचा खरा भर प्रयोगांवर असे. साधी मेणबत्ती घेऊन ते ज्योतीच्या मधोमध काचेची नळी धरीत आणि नळीतून येणारी मेणाची वाफ दुसऱ्या टोकाशी पेटवीत. ज्योतीवर थंडगार भांडे धरताच त्यावर पाण्याचे थेंब जमत. अग्नीतून पाणी निघालेले पाहून मुले थक्क होत.

मोठ्या माणसांनाही अशा शिक्षणाची गरज होती. टेबलाभोवती हात टेकून बसले की अदृश्य शक्ती ते फिरविते, अशी समजूत १८५३ मध्ये लंडनमध्ये बोकाळली होती. फॅरडे यांनी तिची नुसती थट्टा केली नाही. हात व टेबल यांच्यामध्ये सरकते पुठ्ठे बसवून त्यांनी प्रयोग केला. टेबल हलण्याआधी हातच नकळत पुठ्ठा ढकलतात, असे त्यात दिसून आले. तरीही कित्येक सुशिक्षितांनी आपला भ्रम सोडला नाही!

त्या काळी इंग्लंडच्या नामांकित शाळांत लॅटिन व ग्रीक भाषांनाच मान होता. १८६२ मध्ये सरकारी आयोगापुढे साक्ष देताना वृद्ध फॅरडे यांनी शाळांत विज्ञान शिकविण्याचा आग्रह धरला. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. मुलांसाठीची ती नाताळ व्याख्याने मात्र आजही होत असतात.