पंडिता रमाबाई व बाजरीच्या भाकरीचा तुकडा

सोलापुराहून पुण्याकडे जाणारी आगगाडी दौंड सोडून पुढे गेली म्हणजे केडगाव नावाचे लहानसे स्टेशन लागते. आमच्या नळदुर्गच्या बाजूचे लोक पुण्यास जाताना तेथून जातात, परंतु तेथे उतरणारे थोडे. ज्या बाईने ह्या गावाचे नाव ख्रिस्ती जगात सर्वत्र नेले, तिची विद्वत्ता वाचकांस ठाऊक आहेच. तिच्या घरची चूल कशी चालत असे हे मात्र क्वचितच सांगितले जाते. महिनाअखेरीस डबे खरवडणाऱ्या आमच्या भगिनींस व उपदेशक बंधूंस तेच अधिक उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे लिहितो.

पंडिता रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी लोकनिंदा सोसून आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, व तिने रमाबाईंस. परंतु जवळचे द्रव्य अतिथी, विद्यार्थी व दानधर्म ह्यांत सरत गेले. रमा सहा महिन्यांची असतानाच घर सोडून ते तीर्थयात्रेस निघाले. पुढे कित्येक वर्षे देवळांत पुराण सांगावे व मिळेल त्यावर निर्वाह करावा, असा क्रम चालला.

मग दुष्काळ आला. दागिने, वस्त्रे, शेवटी स्वयंपाकाची तांब्यापितळेची भांडीदेखील विकली गेली. आणि तो पैकाही ब्राह्मणांस दान देण्यात गेला, की देव संतुष्ट होऊन संकट टाळील! अखेर अकरा दिवस ह्या कुटुंबाने रानात पाणी, झाडाचा पाला व मूठभर रानखजूर ह्यांवर काढले. हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या त्या घरात पोटापुरते मिळविण्याचा एकही हुन्नर कोणास ठाऊक नव्हता, आणि मोलमजुरी करण्यास कुळाचा अभिमान आडवा येत होता. पुढे रमाबाईंनी स्वतःच हा दोष स्पष्टपणे कबूल केला आहे. 1874 मध्ये वडील गेले. आई तापाने व भुकेने क्षीण होऊन पडली, तेव्हा तिच्यासाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागावा म्हणून ही सोळा वर्षांची मुलगी एका शेजारणीच्या दारी गेली. लाजेने जीभ उचलेना. डोळ्यांतून मात्र पाणी वाहू लागले. त्या दयाळू बाईने ओळखून भाकरी दिली. ती घेऊन मुलगी परतली, पण आईस ती खाण्याचेही त्राण उरले नव्हते. आईमागून थोरली बहीणही गेली.

पुढचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. 1878 मध्ये कलकत्त्यात पंडितांनी त्यांस सन्मानिले. 1880 मध्ये विवाह झाला व 1882 मध्ये वैधव्य आले. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथेही त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही. ख्रिस्ती झाले म्हणजे ताटातले अन्न बदललेच पाहिजे, असे त्यांस वाटले नाही. आमच्या काही मंडळ्यांत पाहुण्यास कोंबडे कापले नाही तर मान गेला असे समजतात व त्यापायी उधारी होते, म्हणून हे मुद्दाम नमूद केले.

11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईस शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. अमेरिकेतील मित्रमंडळींनी ह्या कार्यास दहा वर्षे साहाय्य देण्याचे वचन दिले होते. मुदत सरल्यावर काय? बाईंनी वाट पाहिली नाही. केडगावास माळरानाची जमीन घेतली, विहिरी खणविल्या, फळझाडे लावली. 1896–97 च्या दुष्काळात मध्यप्रांतातून सुमारे 300 मुली व स्त्रिया आणल्या, आणि 1900 च्या दुष्काळानंतर तर मुक्तिसदनात दोन हजारांच्या जवळपास माणसे झाली. उपाशी राहिलेल्या जिवास एकदम पोटभर जेवू घातल्यास तो दगावतो. अशास प्रथम पातळ पेज, मग हळूहळू घट्ट अन्न देणे हेच हिताचे. इतक्या जणींस केवळ विकतच्या अन्नावर पोसणे कोणास साधले असते? म्हणून तेथे शेत व भाजीमळा होता, दुभती जनावरे होती, तेलाचा घाणा होता; अक्षरे शिकणाऱ्या मुलीच दळण, रांधप, विणकाम व शेतकामही शिकत. जे घर श्लोकांनी भरलेले असून उपाशी मेले, त्या घरच्या मुलीने ही व्यवस्था घातली.

आमच्याकडे हल्ली ज्वारीच्या रानात सोयाबीन फार झाले आहे. रोख पैका हाती येतो खरा. परंतु त्याच पैक्याने दुकानातून पीठ, तेल व मुलांसाठी बिस्किटे आणली जातात. ज्वारीच्या भाकरीत जे उणे असते ते तुरीच्या वरणाने भरून निघते, हे आज वैद्यकशास्त्रही सांगते. ह्या दोन्हींसाठी बांधाकडेच्या चार ओळी राखणे व सांडपाण्यावर शेवगा, मेथी, अंबाडी लावणे लहान शेतकऱ्यासही जड नाही.

1921 मध्ये रमाबाईंची एकुलती कन्या मनोरमा वारली. तरी सोप्या मराठीत बायबलाचे भाषांतर करण्याचे काम त्यांनी नेटाने तडीस नेले, आणि 5 एप्रिल 1922 रोजी केडगावासच त्या प्रभूमध्ये निजल्या. मुक्ति मिशन तेथे आजही आहे.