कुंभकोणमचा नापास विद्यार्थी

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमता यांची दखल घेतली. अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत कोणत्या सवलती द्याव्यात, याविषयी शाळांतून बोलले जाते. त्यांच्या ठायी असलेल्या सामर्थ्याविषयी मात्र क्वचितच. या संदर्भात श्रीनिवास रामानुजन यांचे चरित्र आठवते. शतकापूर्वी दिवंगत झालेल्या माणसाला आजच्या वैद्यकातले एखादे नाव चिकटवणे अनुचित होईल. परंतु त्यांची बुद्धी वर्गाच्या ठरीव चाकोरीत मावणारी नव्हती, एवढे निश्चित.

१८८७ साली इरोड येथे जन्मलेला हा मुलगा १९०४ मध्ये कुंभकोणमच्या टाऊन हायस्कुलातून गणिताचे पारितोषिक घेऊन बाहेर पडला. शिष्यवृत्तीवर तेथील सरकारी महाविद्यालयात गेला आणि गणितापायी अन्य विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने ती गमावून बसला. पुढे मद्रासला पच्चैयप्पा महाविद्यालयातही तेच घडले, एफ. ए. ची परीक्षा काही उत्तीर्ण होता आली नाही. प्राध्यापकांना दोष द्यावा, तर त्यांनी नियमच पाळला होता. खरी अडचण हीच आहे.

१९१२ मध्ये रामानुजन मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर कारकून झाले. तेथील वरिष्ठ अधिकारी नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार. ते या कनिष्ठ कारकुनासमवेत पाटीवर गणिते सोडवीत बसत. कचेरीला जे दिसले, ते महाविद्यालयाला दिसले नव्हते! १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाने, पदवी नसतानाही, त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली.

१९१४ मध्ये ते केंब्रिजला पोहोचले, तेव्हा प्राध्यापक हार्डी यांच्यापुढे पेच उभा राहिला. रेखीव सिद्धतेची आधुनिक कल्पना या शिष्याला जवळजवळ अपरिचित होती. आरंभापासून क्रमवार शिकण्याची सक्ती करावी, तर त्याचा आत्मविश्वास खचून प्रेरणाच आटण्याचे भय. काहीच शिकवू नये, तर अविभाज्य संख्यांविषयीच्या त्याच्या काही प्रमेयांप्रमाणे चुका तशाच राहणार. हार्डी यांनी आवश्यक तेवढेच शिकवले, आणि शिकवताना आपणच अधिक शिकलो, अशी मोकळी कबुली दिली. असा शिक्षक दुर्मीळ.

१९१६ मध्ये केंब्रिजने संशोधनाच्या बळावर त्यांना बी. ए. ची पदवी दिली. १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९२० साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. त्यांच्या वह्यांतील विधानांच्या सिद्धता मांडण्याचे काम अमेरिकन गणितज्ञ ब्रूस बर्न्ट यांनी हाती घेतले. त्याचा पहिला खंड १९८५ मध्ये आणि पाचवा १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला.